मस्टर त्याच्या हातात असेल, बाई त्याच्या हातात नाही

(८ मार्च १९९८ च्या मेळाव्यात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्या मुलींनी केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरच्या बाया कामाला गेल्यामुळे येऊ शकल्या नाहीत, तिथे हे वाचून दाखवावं. पुरुषांनीही बसून ऐकावं.)



आम्ही संघटनेच्या मुली. आमच्यात कोणी बारावी झाली, कोणी दहावीतच शाळा सोडून कामाला लागली. आज आम्हाला बोलायला उभं केलं ते प्लॉटच्या दाव्यांवर नाही. कामावर बायांना जो त्रास होतो त्यावर आम्ही बोलणार आहोत. मुकादमाचा त्रास, हजेरी घेणाऱ्याचा, गार्डचा, शेठच्या माणसाचा.

हा विषय घ्यायचा ठरला तेव्हा काही दादा म्हणाले, मेळावा जमिनीचा आहे, त्यात बायांची भानगड कशाला? आम्ही म्हणतो, ही भानगड जमिनीचीच आहे. ज्याच्याकडे पुरेशी जमीन आहे त्याची बायको दुसऱ्याच्या मस्टरवर अंगठा द्यायला जात नाही. आपली जमीन गेली, जंगल सरकारचं झालं, म्हणून आपण कामाला बाहेर पडलो. आणि बाहेर प्रत्येक कामावर एक माणूस उभा असतो. काम द्यायचं की नाही ते तो ठरवतो.

वर्षभराचं काम डोळ्यासमोर आणा. पावसात आवणी, तिथे जमीनवाला. पाऊस संपला की गवत कापायला जातो, तिथे गवताचा ठेकेदार. दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी, वसई, पनवेलच्या वीटभट्टीवर, तिथे शेठ आणि त्याचा मुकादम. जे मागे राहतात ते रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर, रस्त्यावर, तिथे हजेरी सहाय्यक. नाहीतर जंगलखात्याचे रोपांचे खड्डे, तिथे गार्ड. चार ऋतूंत चार माणसं बदलतात, पण त्यांचा हात एकच आहे. त्या हातात हजेरी आहे, मोजमाप आहे, पगार आहे. म्हणून त्याला वाटतं की बाईसुद्धा आपल्या हातात आहे.

सरकारी कागदात याला लैंगिक छळ म्हणतात. आपल्या पाड्यात असं कोणी म्हणत नाही. आपल्या बाया म्हणतात, तो मागे लागतो. तो घाण बोलतो. टोपली उचलून देताना अंगाला हात लावतो. पगार घ्यायला एकटीला बोलावतो. नाही म्हटलं की चौकडी कमी मोजतो, खाडा मांडतो, लांबचं काम देतो. हे सगळं छळच आहे. त्याने हात धरला तरच छळ, नाहीतर नुसती मस्करी, असं समजू नका. ज्या मस्करीला बाई हसू शकत नाही आणि उलट बोलूही शकत नाही, ती मस्करी नाही.

हे आज सुरू झालेलं नाही. आपल्या आज्यांना विचारा. या ठाणे जिल्ह्यात लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्या घरी राबायची. कर्ज फिटता फिटायचं नाही. आणि त्या गड्याची बायको सावकार आपलीच समजायचा. गोदावरी परुळेकरांनी त्यांच्या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. १९४५ साली तलासरीजवळ झरी गावाला सभा झाली आणि वारल्यांनी ठरवलं की यापुढे वेठ नाही, लग्नगडी नाही. त्या लढ्यात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, पण लग्नगडी मोडला. ती लढाई मजुरीची होती आणि बायांच्या अब्रूचीही होती. तेव्हा कोणी म्हटलं नाही की हा बायांचा विषय वेगळा ठेवा.

आता लग्नगडी नाही, पण बयाना आहे. गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या खर्चाला शेठचा बयाना घेतला की सहा महिने आपण त्याचे. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, हिशोब शेवटी होतो, तोही शेठच्या वहीतला. बाईला त्रास झाला तर नवरा तिला घेऊन निघू शकत नाही, कारण बयाना फिटलेला नसतो. खोपटीला दार नसतं. पाणी आणायला, हागायला अंधारात जावं लागतं. तिथे कोणाकडे तक्रार करणार? ज्याच्याकडे करायची त्याच्याच माणसाने तर त्रास दिलेला असतो.

आणि जे गावात राहून प्लॉट कसतात त्यांचं काय? नवरा मजुरीला गेला की बाई एकटी प्लॉटवर असते. गार्ड येतो. म्हणतो, तुझं अतिक्रमण आहे, केस करतो, नांगर नेतो, उभं पीक गुरांना घालतो. मग कोंबडी मागतो, पैसे मागतो, आणि पुढे जे मागतो ते बाई घरी येऊन सांगत नाही. १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचा सरकारचा ठराव आहे. तो अजून नीट अमलात येत नाही, म्हणून गार्डची जीभ चालते. बाईच्या नावाचा कागद असेल तर ती त्याला म्हणू शकेल, हा माझा प्लॉट, तू खाली उतर. बघा, पुन्हा जमिनीवरच आलो.

आता आपल्या भागातली एक गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, बाईचं नाव सांगत नाही. रोजगार हमीचं एक काम होतं. हजेरी घेणारा पगाराच्या दिवशी बायांना एकेकीला खोलीवर अंगठा द्यायला बोलवायचा. म्हाताऱ्यांना कामावर पैसे द्यायचा, तरण्या पोरींना खोलीवर. दोन पोरींनी काम सोडलं. घरात म्हणाल्या, पाठ दुखते. तिसरीने विहिरीवर पाणी भरताना सांगून टाकलं. मग कळलं की एकीला नाही, सगळ्यांनाच माहीत होतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपण बोललो तर काम जाईल, आपलंच नाव जाईल.

त्या रात्री सगळ्या बाया एका घरात बसल्या. दुसऱ्या दिवशी कुदळ, टोपली खाली ठेवून सगळ्या तालुक्याला चालत गेल्या. त्यांनी एवढंच मागितलं की अंगठा कामावर, सगळ्यांच्या समोर, दिवसाउजेडी झाला पाहिजे आणि हा माणूस आम्हाला नको. साहेब आधी म्हणाला, लेखी द्या, कोणाला काय केलं ते एकेकीने सांगा. बाया म्हणाल्या, आम्ही सगळ्या आहोत, सगळ्यांचं लिहा. संध्याकाळपर्यंत बसल्या. त्या माणसाला त्या कामावरून काढलं आणि अंगठे कामावर घेऊ लागले.

जिंकलो ना? अर्धं जिंकलो. कारण तो माणूस दुसऱ्या गावच्या कामावर गेला. तिथल्या बायांचं काय? म्हणून यापुढे आपली मागणी नुसत्या बदलीची नसेल. चौकशी करा, लेखी निकाल द्या, आणि दोषी असेल तर बायांच्या कामावर पुन्हा कुठेच ठेवू नका, ही मागणी असेल.

या मागणीला आता सुप्रीम कोर्टाचा आधार आहे, तो नीट ऐका. राजस्थानात भटेरी गावात भंवरीदेवी नावाची बाई आहे, जातीने कुंभार. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती साथीन म्हणून काम करायची, आपल्या अंगणवाडीच्या बाईसारखी, थोड्याशा मानधनावर. बालविवाह थांबवायला सरकारनेच सांगितलं, म्हणून तिने गावातल्या मोठ्या लोकांच्या घरचं एका लहानग्या मुलीचं लग्न अडवायला बघितलं. त्याचा राग धरून १९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्या लोकांनी तिच्या नवऱ्याला मारलं आणि तिच्यावर बलात्कार केला. ती पोलिसात गेली. डॉक्टरी तपासणी व्हायला दोन दिवस उलटले. पोलिसांनी पुरावा म्हणून तिचा घागरा ठेवून घेतला, ती नवऱ्याचा फेटा गुंडाळून परत गेली. १९९५ ला खालच्या कोर्टाने आरोपी सोडले. कोर्टाला हे पटलं नाही की वरच्या जातीची माणसं खालच्या जातीच्या बाईला हात लावतील. आपल्याला विचारा, लावतात की नाही! अस्पृश्यता दिवसा असते.

पण भंवरी गप्प बसली नाही आणि तिचा नवरा तिच्या बाजूने उभा राहिला. गावाने वाळीत टाकलं तरी ती गाव सोडून गेली नाही. बायांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांनी विचारलं, सरकारचं काम करताना बाईवर हे झालं, तर कामाच्या जागी तिला सुरक्षित ठेवायची जबाबदारी कोणाची? १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला. त्याला विशाखा निकाल म्हणतात. कोर्ट म्हणालं, जबाबदारी मालकाची. सरकार कायदा करत नाही तोपर्यंत हे नियमच कायदा म्हणून पाळायचे. नियम काय आहेत?

अंगाशी येणं, नको ती मागणी करणं, घाण बोलणं, घाण चित्रं दाखवणं, बाईला नको असलेलं कुठलंही असं वागणं, हे सगळं छळात धरलं आहे. प्रत्येक कामाच्या जागी तक्रार समिती पाहिजे. तिची प्रमुख बाईच पाहिजे, निम्म्याहून कमी बाया चालणार नाहीत. बाहेरच्या संस्थेचं माणूस त्यात पाहिजे, म्हणजे साहेबाचा दबाव येणार नाही. तक्रार करणाऱ्या बाईला आणि तिच्या साक्षीदारांना त्रास होता कामा नये. आणि गुन्हा असेल तर मालकाने स्वतः पोलिसात कळवलं पाहिजे.

आता ऑफिसातले लोक म्हणतील, हे पगारी बायांसाठी आहे, टेबल-खुर्चीवाल्यांसाठी. आपण विचारायचं, रोजगार हमीचा मालक कोण? सरकार. जंगलखात्याच्या खड्ड्यांचा मालक कोण? सरकार. आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचा मालक कोण? भंवरीच्या कामाच्या जागेला तरी कुठे भिंती होत्या! एका खेड्यातल्या बाईच्या दुःखातून हा निकाल निघाला आणि खेड्यातल्या बायांपर्यंत तो पोचू नये, हे आपण चालू देणार नाही.

दुसरी केस आपल्या महाराष्ट्रातली, आपल्याच आदिवासी मुलीची. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत, दुसऱ्याच्या घरी मजुरी करणाऱ्या एका पोरीवर पोलिसानेच बलात्कार केला. ती मथुरा केस म्हणून ओळखली जाते. नागपूरच्या हायकोर्टाने पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ ला सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं. कारण काय? तिच्या अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, म्हणजे तिची मर्जी होती! चौकीत, रात्री, दोन पोलिसांसमोर एक मजूर पोरगी. कोणाला हाक मारणार होती? कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघड पत्र लिहिलं, ठिकठिकाणी बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. आता पोलिसाने किंवा सरकारी नोकराने ताब्यातल्या बाईवर बलात्कार केला, तर कमीत कमी दहा वर्षं सजा सांगितली आहे. आणि तशा केसमध्ये संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी मर्जी नव्हती, तर कोर्टाने तिचं खरं धरायचं आहे.

कोर्टाने विचारलेला तो प्रश्न आपल्या पाड्यातही विचारतात म्हणून ही केस सांगितली. ओरडली का नाही? एवढे दिवस बोलली का नाही? त्याच्याकडे कामाला गेलीच कशाला? दादांनो, पोट भरायला गेली. ओरडली नाही कारण उद्याही त्याच्याच मस्टरवर जायचं होतं. भीतीने गप्प बसणं म्हणजे मर्जी नाही.

आता पंचांचं बोलतो. मोठ्यांचा मान ठेवून बोलतो. पाड्यात असं काही झालं की पंच बसतात. बाई बाजूला उभी, बोलतात पुरुष. मग दंड ठरतो. पैसे बाईच्या बापाला नाहीतर नवऱ्याला मिळतात, त्यातले थोडे दारूत जातात, आणि प्रकरण मिटलं म्हणतात. बाईला काय मिळालं? दुसऱ्या दिवशी तोच मुकादम तिच्याकडे बघून हसतो, त्याला भाव कळला. पैसेवाला मिशीवर ताव देऊन दंड भरतो. गाईने शेत खाल्लं तर दंड ठीक आहे. बाई म्हणजे खाल्लेलं शेत नाही. आणि जी बाई जास्त बोलते तिला भुताळी ठरवायचं, हे तर बंदच झालं पाहिजे.

नवरे मंडळींनाही सांगतो. बायको कामावरून येऊन सांगते की असं झालं, तेव्हा काही घरांत पहिला हात तिच्यावरच उठतो. मग पुढच्या वेळी ती सांगत नाही. मुकादमाला हेच तर पाहिजे असतं. शहाद्याकडे १९७२ च्या सुमारास भिल्ल बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना सगळ्यांसमोर जाब विचारला. तीही जमिनीचीच चळवळ होती. बाया उठल्याने चळवळ मोडली नाही, वाढली.

अजून एक. त्रास देणारा नेहमी बाहेरचाच असतो असं नाही. मुकादम आपल्या जातीचा असतो. कधी नात्यातला असतो. उद्या संघटनेचा कार्यकर्ताही असेल. आपला आहे म्हणून झाकायचं नाही. नियम सगळ्यांना एक.

आता काय करायचं ते लक्षात ठेवा, घरी जाऊन सांगा.

पहिलं, बाईने त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. आईला, जावेला, गँगमधल्या बाईला. तारीख, वार, कोण हजर होतं ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यायचं. महिन्यांनी केस उभी राहिली तर तो कागद कामाला येतो.

जबरदस्ती झाली असेल तर आंघोळ करू नका, कपडे धुवू नका. मन तसं करायला सांगतं, पण पुरावा धुवून जातो. लगेच पोलिसात आणि सरकारी दवाखान्यात जा. एकटीने नाही, दोघी-तिघी बरोबर.

पोलिसाने सांगितलेलं लिहून घेतलंच पाहिजे, वाचून दाखवलं पाहिजे आणि त्याची नक्कल फुकट दिली पाहिजे. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. घेत नसेल तर तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला पोस्टाने पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. जबाबासाठी बाईला चौकीत बोलावता येत नाही, पोलिसाने तिच्या घरी यायचं. आणि बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापणं हा गुन्हा आहे, म्हणून नाव जाईल या भीतीने थांबू नका.

त्रास देणारा आदिवासी किंवा दलित नसेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लावायला सांगा. कलम ३ (१) चे पोटकलम अकरा आणि बारा पाठ करा. अकरा म्हणतं, आदिवासी बाईची अब्रू घ्यायला अंगावर जाणं गुन्हा आहे. बारा तर आपल्या मुकादमासाठीच लिहिल्यासारखं आहे. बाईवर ज्याचा अधिकार चालतो त्याने तो अधिकार वापरून, एरवी ती कबूल झाली नसती अशा गोष्टीसाठी तिचा गैरफायदा घेतला, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सजा आहे. यात अटकपूर्व जामीन नाही. तपास डीवायएसपीने करायचा आहे, हवालदाराने नाही. जातीचा दाखला काढून ठेवा. त्रास देणारा आपल्यातलाच असेल तर हा कायदा लागत नाही, पण भारतीय दंड विधानाचं कलम ३५४ आणि ५०९ लागतंच.

कायदा सांगितला म्हणजे झालं असं नाही. भंवरीची केस अजून हायकोर्टात पडून आहे. कायद्याचा कागद एकट्या बाईच्या हातात दिला तर साहेब तो बाजूला ठेवतो. तीस बाया घेऊन गेल्या तर वाचतो. म्हणून आम्ही मेळाव्यापुढे हे ठराव मांडतो. हात वर करून सांगा, मान्य आहेत की नाही.

१) रोजगार हमी आणि जंगलखात्याच्या प्रत्येक कामावर अंगठा आणि पगार कामाच्या जागी, दिवसा, सगळ्यांसमोर झाला पाहिजे. कोणीही बाई पैसे घ्यायला कोणाच्या खोलीवर जाणार नाही.

२) तालुक्यात बायांची तक्रार समिती नेमावी, प्रमुख बाई असावी, मजूर बायांमधल्या दोघी त्यात असाव्यात, म्हणून तहसीलदार आणि वनअधिकाऱ्यांना अर्ज द्यायचा.

३) प्रत्येक गँगमधून दोन बाया निवडायच्या. कोणाला त्रास झाला तर त्या दोघी बोलतील. एकीचं काम गेलं तर सगळ्यांचं काम बंद.

४) भट्टीला जाणारी बिऱ्हाडं एका ठिकाणी टोळीने जातील. भट्टीचा पत्ता आणि शेठचं नाव संघटनेकडे लिहून जातील. बयाना घेताना बाईही हजर राहील.

५) बाईवर झालेल्या जुलमात पंच पैशाचा दंड करून मिटवणार नाहीत. बाईला विचारल्याशिवाय काहीच ठरणार नाही.

६) प्लॉटच्या दाव्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावायची. विधवेचा, टाकलेल्या बाईचा दावा तिच्या एकटीच्या नावाने.

७) संघटनेतही बायांची समिती असेल आणि ती कार्यकर्त्यांच्या तक्रारीही ऐकेल.

दादांनो, बायांनो, आपण गार्डला घाबरत होतो तेव्हा आपली जमीन गेली. एकत्र उभे राहिलो तेव्हा प्लॉट टिकले. प्लॉटवरून कोणी उठवायला आलं तर सगळा पाडा धावतो. बाईच्या अंगावर कोणी आलं तरी तसाच सगळा पाडा धावला पाहिजे. आमचं एवढंच मागणं आहे.

जिंदाबाद!